मोटारहोम घ्या, पण आधी स्वयंपाकघराची वाटणी करा

प्रश्न : ताई, आम्ही डॅलसला राहतो. जुलैमध्ये सासू-सासरे पुण्याहून येणार आहेत. माझ्या नवऱ्याने बेत आखलाय : दहा दिवसांची सुट्टी, सॉल्ट लेक सिटीपर्यंत विमान, तिथून ३० फुटी मोटारहोम भाड्याने घ्यायची आणि ग्रँड टीटन, यलोस्टोन, ग्लेशियर ही तिन्ही राष्ट्रीय उद्यानं पालथी घालायची. आम्ही सहा जण आहोत. मुलं ११ आणि ७ वर्षांची. आईंचे गुडघे दुखतात. बाबांना बीपी आहे आणि रात्री सीपॅप मशीन (झोपेत श्वास नीट चालू ठेवणारं) लावल्याशिवाय झोपता येत नाही. आईंना बाहेरचं खाणं सोसत नाही, तर नवरा म्हणतो, 'गाडीतच स्वयंपाकघर आहे, प्रश्नच मिटला.' मला वाटतं, माझा प्रश्न तिथेच सुरू होतो. त्यात गाडी तो एकटाच चालवणार, कारण एवढ्या मोठ्या गाडीची मला भीती वाटते. सगळे इतके खूश आहेत की मी काही बोलले तर विरजण पडेल. जावं की नाही?

उत्तर :

प्रिय मैत्रिणी,

जा. मोटारहोमनेच जा. फक्त ग्लेशियर सोडून दोनच उद्यानं करा आणि गाडीचे पैसे भरण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून कामं वाटून घ्या. विरजण पडेल म्हणून आत्ता गप्प राहिलात, तर चौथ्या दिवशी भांडी घासताना तुमचा संयम सुटेल. तेव्हा तुम्ही जे बोलाल ते आईबाबांच्या कायमचं लक्षात राहील. त्यापेक्षा आज जेवणाच्या टेबलावर शांतपणे बोललेलं बरं.

'प्रश्नच मिटला' म्हणणाऱ्या तुमच्या नवऱ्याच्या मनात काही वाईट नाही. त्याने त्या स्वयंपाकघराचे फोटो पाहिलेत, तिथे उभं राहून सहा माणसांचं रांधलेलं नाही, एवढंच. दोन किंवा तीन बर्नरची शेगडी असते आणि ओट्याची जागा म्हणजे बहुतेक वेळा तिचंच झाकण. म्हणजे शेगडी पेटवली की पोळी लाटायला जागा उरत नाही. फोडणी घातली की डोक्यावरचा धुराचा अलार्म कोकलायला लागतो. छतावरची खिडकी उघडून पंखा आधी लावायचा आणि तेल मग तापवायचं, हे पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाडा. पाणी टाकीत असेल तेवढंच. अशा गाड्यांमध्ये चांगल्या पाण्याची टाकी ४० गॅलनच्या आसपास असते. सांडपाण्याच्या टाक्या दोन : सिंक आणि शॉवरचं पाणी जाते ती ग्रे आणि संडासाची ब्लॅक. सहा जणांच्या अंघोळी, स्वयंपाक आणि भांडी सगळं गाडीतच केलं, तर या टाक्या बघता बघता भरतात आणि कुणीतरी हातमोजे घालून त्या रिकाम्या कराव्या लागतात. घर सोबत नेलं की घरकामही सोबत येतं, आणि प्रवासात ते कमी न होता वाढतं.

तर वाटणी अशी करा. टाक्या, पाइप, विजेची केबल आणि गॅस ही सगळी कामं नवऱ्याची. ब्लॅक टँक आधी रिकामी करायची आणि ग्रे नंतर, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. मुक्कामात ब्लॅकची झडप बंदच ठेवायची. ती उघडी राहिली तर पाणी वाहून जातं आणि बाकीचं आत वाळून बसतं. पेट्रोल भरताना गॅस बंद हेही त्याच्याच यादीत. सकाळचा चहा-नाश्ताही त्याच्याकडेच द्या. दूध, पोहे, ब्रेड, फळं, त्यात काही अवघड नाही.

गरम स्वयंपाक दिवसातून एकदाच. यावर ठाम राहा. तो एक वेळचा स्वयंपाक तुम्ही आणि आई मिळून कराल, किंवा तुम्ही आणि नवरा. दुसऱ्या वेळी डब्यातलं : दशम्या, थेपले, दहीभात, मेतकूट-भात, आदल्या रात्रीची उसळ. पोळ्या डॅलसहून नेता येतील किंवा सॉल्ट लेक सिटीत भारतीय किराणा दुकानातून फ्रोझन घेता येतील, पण गाडीतला फ्रीझर छोटा असतो, तेव्हा दोनतीन पाकिटांवर जाऊ नका. प्रेशर कुकर मात्र आठवणीने न्या. यलोस्टोन लेकच्या परिसरात तुम्ही ७,७०० फुटांवर असाल. तिथे पाणी साधारण ९२ अंश सेल्सिअसलाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर शिजवली तरी दाताखाली येईल. कुकरलाही एखाददुसरी शिट्टी जास्त लागेल. भांडी धुण्याआधी ताटं कागदाने पुसून घ्या. तेलकट पाणी ग्रे टाकीत साचलं की तिसऱ्या दिवशी सिंकमधून वास येतो. मोठ्या मुलीला किंवा मुलाला (पत्रात लिहिलेलं नाही) ताटं पुसायचं काम द्या. ११ वर्षांच्या मुलाला ते नक्की जमतं.

आता आईंचं. बाहेरचं सोसत नाही हे अगदी मान्य, पण 'घरचं जेवण' म्हणजे 'सुनेने केलेलं जेवण' असं काही नाही. आणि हे आईंशी तुम्ही बोलू नका, नवऱ्याला बोलू द्या. आई त्याची आहे. 'आई, मी सकाळचा नाश्ता करणार आहे, तू मला सांगत जा' हे लेकाच्या तोंडून आलं की त्यांनाही त्यात मजा वाटेल. तेच तुम्ही सांगितलंत तर ती तक्रार होईल.

ग्लेशियर का सोडायचं, ते आता सांगते. त्या उद्यानाचा प्राण म्हणजे गोइंग-टू-द-सन रोड, लोगन पासवरून जाणारा. त्याच्या मधल्या डोंगरी टप्प्यात २१ फुटांपेक्षा लांब किंवा ८ फुटांपेक्षा रुंद गाडीला बंदी आहे. तुमची ३० फुटी गाडी तिथे जाऊच शकत नाही. तुम्ही सहा जण, प्रत्येकाला सीटबेल्ट हवा आणि झोपायला जागा हवी, म्हणजे २१ फुटांत बसणारी गाडी तुम्हाला पुरणार नाही. शिवाय यलोस्टोनहून ग्लेशियर जवळपास ४०० मैल आणि तिथून सॉल्ट लेक सिटीला परत यायचं तर ६०० मैलांहून जास्त. मोटारहोमचा वेग धरला तर दहातले तीन-चार दिवस निव्वळ रस्त्यावर जातील, तेही ज्या रस्त्यासाठी गेलात त्यावर पाऊल न टाकता. ग्लेशियर पुढच्या एखाद्या वर्षी साध्या मोटारीने करा. तेव्हाही लोगन पासचा रस्ता बर्फामुळे साधारण जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला उघडतो, हे ध्यानात ठेवा.

दोन उद्यानांसाठी दहा दिवस छान पुरतात. पहिली रात्र सॉल्ट लेक सिटीत हॉटेलात काढा. गाडी बहुतेक ठिकाणी दुपारी ताब्यात मिळते, ती सगळी समजावून घ्यायला तासभर जातो, वर किराणा भरायचा असतो. म्हणून गाडी घ्याल त्या दिवशी थोडंच अंतर कापा. लोगन गाव किंवा बेअर लेकच्या आसपास वीज असलेल्या आरव्ही पार्कमध्ये (मोटारहोमच्या तळावर) थांबा. दुसऱ्या दिवशी स्टार व्हॅली आणि अल्पाइनमार्गे जॅक्सनला पोचा. फोनवरच्या नकाशाने टीटन पासचा रस्ता सुचवला तर ऐकू नका. त्याला १० टक्क्यांचा उतार आहे आणि एवढी गाडी पहिल्यांदाच हातात घेणाऱ्या माणसाचं तिथे काही काम नाही.

मग फक्त दोनच मुक्काम. ग्रँड टीटनमध्ये कोल्टर बेला तीन रात्री आणि यलोस्टोनमध्ये फिशिंग ब्रिजला तीन रात्री. दोन्हीकडे पाणी, वीज आणि सांडपाणी अशी तिन्ही जोडणी मिळते. यलोस्टोनच्या आत अशी पूर्ण जोडणी असलेला फिशिंग ब्रिज हा एकमेव तळ आहे. तिथे अस्वलांचा वावर असल्यामुळे तंबू चालत नाहीत, पक्क्या भिंतींच्या गाड्याच चालतात. तुमच्यासाठी ही जोडणी चैन नाही, बाबांच्या मशीनसाठी ती अत्यावश्यक आहे. गाडीतले विजेचे सॉकेट एरवी जनरेटरवर चालतात आणि उद्यानाच्या तळांवर रात्री जनरेटर लावू देत नाहीत. म्हणून वाटेतल्या रात्रीही वीज नसलेल्या जागी मुक्काम नको. मशीन बनवणाऱ्या कंपनीची वेगळी बॅटरी मिळत असेल तर तीही घ्या, वादळात वीज गेली तर रात्र निभावेल.

या दोन्ही जागांचं आरक्षण खूप आधीपासून खुलं असतं आणि जुलैच्या रात्री लवकर जातात. मिळाल्या नाहीत तर खट्टू होऊ नका, आरक्षणं रद्दही होत असतात. रोज सकाळी एकदा बघत राहा. तोवर वेस्ट यलोस्टोन गावातल्या एखाद्या खासगी पार्कमध्ये, रद्द करता येईल अशी जागा धरून ठेवा. गाडीचं आरक्षण मुक्काम मिळाल्यावरच करा. बरेच जण नेमकं उलटं करतात आणि मग रोज रात्री जागा शोधत फिरतात.

तीन-तीन रात्री एकाच जागी असाव्यात यामागे आईंचे गुडघेही आहेत. मोटारहोमच्या पायऱ्या उंच आणि अरुंद असतात. खाली ठेवायला एक भक्कम, न घसरणारा पाट किंवा स्टूल न्या. मागचा कायमचा पलंग आईबाबांना द्या. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा माळा मोठ्या मुलाचा, डायनिंग टेबलाचा होतो तो पलंग धाकट्याला आणि सोफा तुम्हा दोघांना. सोफा अरुंद असेल, हे आधीच सांगून ठेवते. रात्री संडासला उठणाऱ्याच्या वाटेत काही पडलेलं नसावं, बॅगा बाहेरच्या कप्प्यात.

आईंना काय झेपेल? यलोस्टोनमधल्या ओल्ड फेथफुल या गरम पाण्याच्या कारंज्यापाशी सपाट वाट आहे आणि बसायला बाकं आहेत. सरासरी दीड तासाने उसळतं, तेव्हा पोचल्याबरोबर दिसेल अशी आशा नको. पुढची अंदाजे वेळ तिथे लिहिलेली असते. आर्टिस्ट पॉइंटवरून यलोस्टोनची दरी आणि लोअर फॉल्स दिसतो, गाडीतळापासून थोडंसंच चालावं लागतं. कोल्टर बेहून जॅक्सन लेकमध्ये बोटीची फेरी असते, तीत बसल्या जागेवरून अख्खी टीटनची रांग दिसते. हेडन व्हॅलीत संध्याकाळी रस्त्याकडेच्या थांब्यावर गाडी उभी करून खिडकीतून गवे (बायसन) पाहा. मोटारहोमची मोठी खिडकी, आईंचे पाय वर ठेवलेले, हातात चहा, आणि समोर पिल्लांसकट कळप नदी ओलांडतोय. हे साध्या मोटारीत होत नाही, म्हणूनच मी तुम्हाला मोटारहोमने जा म्हणतेय. फक्त चहा गाडी थांबल्यावर. चालत्या गाडीत कुणीही उठायचं नाही, शेगडी पेटवायची नाही. धाकट्याची बूस्टर सीट पुढे तोंड असलेल्या आसनावरच बसवा, आडव्या सोफ्यावर नाही.

मिडवे गीझर बेसिन, म्हणजे रंगीत ग्रँड प्रिझमॅटिक स्प्रिंग जिथे आहे तिथे, सकाळी लवकर गेलात तरच मोठ्या गाडीला जागा मिळेल. आणि रोज बाहेर पडू नका. फिरायला जायचं म्हणजे अख्खं घर सोडवून न्यायचं असतं. एक दिवस फिरणं, एक दिवस तळावर, असं धरा.

गाडी चालवण्याबद्दल मी थोडी आग्रही होणार आहे. तुम्हालाही ती चालवता आली पाहिजे. तुम्ही अर्धी वाट चालवावी असं म्हणत नाही, पण नवऱ्याला ताप आला, पाय मुरगळला, तर फोनला रेंज नसलेल्या डोंगरात सहाही जण अडकतील. भाड्याच्या करारात तुमचं नाव दुसरा चालक म्हणून घाला. भीतीचं म्हणाल, तर रिकाम्या पार्किंगमध्ये दोन तास घालवले की बरीचशी जाते. वळताना गाडीचं मागचं टोक उलट्या बाजूला बाहेर फेकलं जातं, तेवढं एकदा बाहेर उभं राहून पाहा. मागे घेताना एक जण खाली उतरून उभा राहिलाच पाहिजे. गाडीची उंची कागदावर लिहून समोर चिकटवा, कारण पेट्रोल पंपांचं आणि ड्राइव्ह-थ्रूचं छत तुम्हाला वाटतं त्यापेक्षा खाली असतं. उताराला आपल्या घाटातला नियम पाळा : ज्या गिअरमध्ये चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक सतत दाबून ठेवले की तापतात आणि ऐन वळणावर धरत नाहीत. मागे गाड्यांची रांग लागली तर बाजूच्या थांब्यावर घ्या आणि त्यांना जाऊ द्या. ग्रँड टीटनमधल्या मूस-विल्सन रोडवर मोटारहोमला मनाई आहे, त्या वाटेला जाऊच नका.

बाबांना निघण्याआधी पुण्यातच डॉक्टरांना दाखवायला सांगा. उंचीचा उल्लेख करून विचारा. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते आणि कोरड्या डोंगरी हवेत अंगातलं पाणी तसंही कमी होतं. वाटेतल्या पहिल्या दोन रात्री कमी उंचीवर आहेत, त्याचा त्यांना फायदाच होईल. यलोस्टोनमध्ये उन्हाळ्यात लेक व्हिलेज, ओल्ड फेथफुल आणि मॅमथ इथे दवाखाने असतात. त्यातला लेक व्हिलेजचा फिशिंग ब्रिजच्या अगदी जवळ आहे. जॅक्सनला रुग्णालय आहे. आईबाबांचा प्रवासी विमा काढताना आधीपासून असलेल्या आजारांबद्दलचं कलम शब्द न् शब्द वाचा. बाबांच्या बाबतीत तोच भाग महत्त्वाचा. आणखी एक : जानेवारी २०२६ पासून या उद्यानांत अमेरिकेबाहेरून येणाऱ्यांसाठी वेगळे, जास्तीचे प्रवेशदर आहेत. आईबाबांना काय लागू होईल ते उद्यानाच्या संकेतस्थळावर बघून ठेवा, म्हणजे दारात घोळ होणार नाही.

मुलांना दोन आकडे पाठ करायला लावा. अस्वल आणि लांडगा यांच्यापासून १०० यार्ड, गवा आणि एल्क (मोठं हरीण) यांच्यापासून २५ यार्ड. गवा संथ वाटतो म्हणून लोक फोटोसाठी जवळ जातात आणि जखमी होतात. गरम झऱ्यांपाशी लाकडी वाटेवरून खाली पाय ठेवायचा नाही, तिथली जमीन वरून कठीण दिसते आणि खाली उकळतं पाणी असतं. धाकट्याचा हात अशा ठिकाणी कुणी धरायचा हे नाव घेऊन ठरवा. 'सगळे बघतीलच' म्हटलं की कुणीच बघत नाही. तळावर जेवण झालं की बाहेर एक चमचासुद्धा ठेवू नका, तेलाची बाटली आणि कचऱ्याची पिशवी तर नाहीच. अस्वलांसाठीचा स्प्रे विमानातून नेता येत नाही, तो तिकडेच घ्यावा लागेल. आणि जुलै असला तरी स्वेटर-कानटोप्या न्या, रात्री पारा शून्याच्या जवळ येऊ शकतो.

जुलैला अजून अवकाश आहे. आईबाबा येण्याआधी डॅलसजवळच्याच एखाद्या तळावर एका शनिवारी-रविवारी मोटारहोम भाड्याने घेऊन तुम्ही चौघं एक रात्र राहून या. पार्किंगमधला सराव त्याच दिवशी होईल. टाक्या नवऱ्याने रिकाम्या करायच्या, सकाळचे पोहे त्यानेच करायचे आणि रात्रीचा कुकर दोघांनी मिळून लावायचा. तिथे वाटणी बिनसली तर रविवारी संध्याकाळी घरी आल्यावर ती पुन्हा मांडा, आणि मगच जुलैच्या गाडीचे पैसे भरा.

तुमची,
ताई